तळ्याचे पाणी आणि प्रकल्पाची फाईल

फेब्रुवारी उजाडला की गोव्यातल्या शाळा-कॉलेजांना तळी आठवतात. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिवस. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा करार झाला, त्याची ही आठवण. मग एक बस ठरते, टोप्या वाटल्या जातात, मुले तळ्याच्या बांधावर ओळीने उभी राहतात. कोणीतरी पक्ष्यांची नावे सांगतो. बाटलीत पाणी भरले जाते, पीएचची पट्टी बुडवली जाते, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तीन कॉलमी बातमी येते. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तळे सुखी आणि आपणही सुखी!

मला या कार्यक्रमाची थट्टा करायची नाही. मुले घराबाहेर पडतात, कमळपक्षी आणि पाणकोंबडी यांतला फरक त्यांना कळतो, एवढे झाले तरी पुष्कळ झाले. माझे म्हणणे वेगळे आहे. विद्यार्थ्यांकडून तळ्याच्या पाण्याची तपासणी करून घ्यायची असेल तर ती खरी तपासणी असावी. नुसता गुणांसाठीचा प्रकल्प असेल तर त्याला तपासणी म्हणू नये. मी विज्ञानाचा माणूस नाही. कलाशाखेचा पदवीधर आणि सरकारी कचेरीतला कारकून. पण वही कशी ठेवावी, कुठल्या नोंदीला किंमत असते आणि कुठली नोंद रद्दीत जाते, हे मला वीसेक वर्षांच्या नोकरीने शिकवले आहे. तळ्याच्या बाबतीत आपली चूक रसायनशास्त्रात नाही, वहीत आहे, असे माझे मत आहे.

आधी तळ्यांविषयी थोडे. गोव्यातली बहुतेक तळी निसर्गाने दिलेली नाहीत, आपल्या पूर्वजांनी बांधलेली आहेत. करमळीचे तळे घ्या. कोकण रेल्वेने पणजीकडे येणारा प्रवासी करमळी स्टेशनावर उतरतो आणि कडेलाच हा पाण्याचा पसारा बघतो. हिवाळ्यात अडई बदकांचे थवे असतात म्हणून पक्षीनिरीक्षकांना ते ठाऊक आहे. (याच करमळीची ब्रह्मदेवाची मूर्ती पोर्तुगीज अमदानीत सत्तरीत नेली गेली आणि तिथल्या गावाला ब्रह्मकरमळी नाव पडले. गाव उठून गेला तरी नाव सोडत नाही, हा आपला स्वभाव.) पण तळे बांधले गेले ते बदकांसाठी नव्हे, भातासाठी. पावसाचे पाणी अडवायचे, पाऊस सरला की मानशीच्या फळ्या काढून खालच्या वायंगणी शेताला ते हळूहळू सोडायचे, उन्हाळ्यात तळ उघडा पडला की मासळी धरायची, असा हा हिशेब. कुडचड्याचे नंदा तळे, जे २०२२ मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ ठरले, तेही याच जातीचे. बेचाळीस हेक्टरांचे ते तळे झुआरीच्या एका फाट्याला लागून आहे, पाणी साठवायला, खालच्या भातशेतीला आणि मासळीला उपयोगी पडते म्हणूनच ते टिकले.

म्हणजे आपले तळे म्हणजे एक चालते-बोलते यंत्र आहे. ऑगस्टमध्ये तिथे असते ते पावसाचे ताजे पाणी, एप्रिलमध्ये उरतो तो आटून घट्ट झालेला अर्क. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मग फेब्रुवारीच्या एका सकाळी अकरा वाजता भरलेल्या एका बाटलीवरून तळ्याची तब्येत ठरवायची, हे डॉक्टरने वर्षातून एकदा, तेही जेवण झाल्यावर, नाडी बघण्यासारखे आहे.

अकरा वाजता हा शब्द मी मुद्दाम लिहिला. पाण्यात विरघळलेला प्राणवायू ही तळ्याच्या तपासणीतली सगळ्यांत बोलकी गोष्ट. तीस अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेतून साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू लिटरमागे मावतो. पाणी जितके गरम तितके कमी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यात तो निदान पाच आणि मासळीच्या पाण्यात निदान चार मिलिग्रॅम असावा लागतो. आता गंमत अशी की शेवाळे आणि पाण्यातल्या वनस्पती दिवसा उन्हात प्राणवायू सोडतात आणि रात्री, आपल्यासारख्याच, तो घेतात. त्यामुळे भरपूर शेवाळ असलेल्या तळ्यात दुपारी दोन वाजता प्राणवायू दहाच्याही वर चढतो आणि पहाटे तो इतका खाली जातो की मासे पाण्यावर तोंडे काढून हवा गिळू लागतात. सांडपाण्याने, खताने, साबणाच्या फॉस्फेटने ‘माजलेले’ तळे दुपारी तपासले तर पहिल्या वर्गात पास होते! मुले फाईलमध्ये लिहितात, ‘प्राणवायूचे प्रमाण अत्यंत चांगले आढळले’. परीक्षक बरोबरची खूण करतो. आणि तळे मात्र आजारीच असते.

गेली काही वर्षे मी आमच्या भागातल्या एका हायर सेकंडरीच्या मुलांबरोबर शनिवारी तळ्यावर जातो. शेजारी राहणाऱ्या टीचरनी एकदा ‘सोबत चला, मोठे माणूस असले की बरे’ म्हणून बोलावले, तेव्हापासूनची ही सवय. तळे छोटे आहे, नकाशात त्याला नाव नाही, म्हणून मीही इथे घेत नाही. एका खेपेला मुलांनी हट्ट धरला की सकाळी उजाडायच्या आत यायचे आणि तेच पाणी परत दुपारी बघायचे. विंकलर नावाच्या हंगेरियन शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये काढलेली एक पद्धत आहे. बाटलीत बुडबुडा न ठेवता पाणी भरायचे, त्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचे अल्कली द्रावण घालायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, मुळीच नसेल तर पांढरा. पुढचे आम्ल घालण्याचे आणि मोजण्याचे काम प्रयोगशाळेत जाणत्या माणसाने करायचे, पण साक्याचा रंग तळ्याच्या बांधावरच दिसतो. पहाटेच्या बाटलीत फिकट, मळकट रंगाचा साका बसला. दुपारच्या बाटलीत गडद, काळ्या चहासारखा. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तेव्हा सोळा-सतरा वर्षांची ती पोरे गप्प झाली. एवढी गप्प मी त्यांना मोबाईल हातात असतानाही बघितलेली नाहीत. एक मुलगी म्हणाली, ‘‘टीचर, म्हणजे रात्री तळ्याला धाप लागते?’’ याहून चांगले उत्तर कुठल्या पाठ्यपुस्तकात असेल असे मला वाटत नाही.

आणि प्रकल्पाच्या फाईलमध्ये काय गेले? फक्त दुपारचा आकडा. कारण छापील तक्त्यात एकच चौकोन होता. टीचरना मी दोष देत नाही. त्यांच्यावर अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहेत, निवडणुकीची ड्युटी आहे. दोष त्या चौकोनाचा आहे. पर्यावरण हा विषय सगळ्या मुलांना सक्तीचा झाला तो १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर. न्यायालयाला मुलांनी डोळे उघडून आजूबाजूला बघावे असे वाटत होते. आपण त्याचा तक्ता केला.

त्याच तळ्याचे आकडे घेऊन गावातल्या काही जाणत्या मंडळींनी नंतर एका कचेरीत अर्ज दिला. वरच्या वस्तीचे सांडपाणी तळ्यात उतरते, बघा, मुलांनी मोजले आहे, असा. तिथल्या माणसाने कागद चाळला आणि विचारले, ‘‘कुठल्या टोकाचे पाणी? किती वाजता? कोणी भरले? पाऊस होता का आदल्या दिवशी?’’ कागदावर यातले काहीच नव्हते. अर्ज तिथेच संपला. मंडळी घरी येऊन सरकारला शिव्या देत बसली. मला विचाराल तर तो कारकून उद्धट असेल, पण प्रश्न चारही रास्त होते. आमच्या आवक-जावक रजिस्टरात तारीख नसलेला कागद आलाच नाही असे समजतात, आणि ते बरोबरच आहे.

इथे काही जाणकार म्हणतील की मुलांच्या आकड्यांना कायद्यात किंमत नाही. खरे आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात पुराव्यासाठी नमुना कसा घ्यावा याची रीतसर पद्धत दिलेली आहे. अधिकाऱ्याने नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचे, सही घ्यायची. बारावीतल्या मुलाची बाटली तिथे टिकणार नाही, टिकूही नये. पण मुलांच्या वहीचे काम वेगळे आहे. तिने कोणाला शिक्षा करायची नाही, योग्य वेळी योग्य माणसाला तळ्यावर बोलवायचे आहे. ‘गेले आठ महिने दर शनिवारी सकाळी साडेसहाला दक्षिणेच्या टोकाला, जिथे गटार उतरते तिथे, प्राणवायू कमी सापडतो आणि मानशीजवळ सापडत नाही’ असे लिहिलेला कागद आणि ‘तळे प्रदूषित आहे’ असे लिहिलेला कागद, यांतला पहिला टेबलावरून सहजासहजी हलवता येत नाही. हे मी टेबलाच्या अलीकडे बसणारा माणूस म्हणून सांगतो.

खर्चाचे म्हणाल तर पुष्कळशा गोष्टींना पैसा लागत नाही. पाण्याचा गढूळपणा मोजायला सेकी नावाच्या इटालियन पाद्र्याने १८६५ मध्ये एक पांढरी तबकडी दोरीला बांधून समुद्रात सोडली होती. ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची, बस्स. घरातले जुने झाकण, थोडा काळा-पांढरा रंग आणि गाठी मारलेली दोरी यात तेच यंत्र होते. चिखलात एक चाळणी फिरवा. चतुराची पिल्ले, गोगलगायी, पाणकिडे मिळाले तर ठीक. नुसते लालभडक किडेच मिळाले तर समजा तळाशी प्राणवायू नाही, कारण त्या किड्यांना तो फारसा लागतच नाही. जलपर्णीने किती पाणी झाकले याचा दर महिन्याला एकाच दगडावर उभे राहून एक फोटो काढा. आता तर प्रत्येक मुलाच्या खिशात कॅमेरा आहे.

आमच्या जांभ्या जमिनीचे एक वैशिष्ट्य इथे सांगायला हवे, कारण किटबरोबर येणाऱ्या पुस्तिका ते सांगत नाहीत. चिऱ्याच्या दगडातून झिरपलेले पाणी गोव्यात बऱ्याच ठिकाणी मुळातच किंचित आम्ल असते. पिण्याच्या पाण्याचे मानक पीएच साडेसहा ते साडेआठ असे सांगते. एखाद्या झऱ्याजवळ सहा आला की मुले ‘प्रदूषण!’ म्हणून ओरडतात. तिथे कोणी काही ओतलेले नसते, तो डोंगर तसाच आहे. उलट हाच जांभा चाळणीसारखा भोकांचा असल्यामुळे शोषखड्ड्यातले पाणी बघता बघता शेजारच्या विहिरीत जाते, आणि तिथे पीएच अगदी साळसूद सात दाखवतो. म्हणून विहिरीसाठी दुसरी परीक्षा लागते. काळी होणारी बाटली आता अनेकांनी पाहिली असेल. ती कल्पना ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली जगापुढे मांडली. औषध लावलेल्या कागदाच्या पट्टीची बाटली, त्यात पाणी भरून एक-दोन दिवस घरातच ठेवायचे. पाणी काळे झाले तर मैल्याचा संसर्ग असण्याचा संभव मोठा. तळ्याच्या पाण्याला ही बाटली लावून उपयोग नाही. गुरे उतरतात, पक्षी बसतात, ती काळी होणारच. ती लावायची तळ्याभोवतीच्या विहिरींना. तळे आणि विहिरी एकाच पाण्याची दोन तोंडे आहेत, आणि विहीर काळी झाली की घरातली बाई जागी होते, तळ्यासाठी कोणी होत नाही.

एक भीतीची बाजूही आहे आणि ती मोठ्यांनी उचलायची आहे. तळी खोल असतात, तळाला चिखल असतो, पोहता येते म्हणणारी मुलेच आधी बुडतात. पावसाळ्यात पायाला जखम असलेल्या मुलाने गुडघाभर पाण्यात उतरणे म्हणजे लेप्टोचे आमंत्रण. पाणी बांधावरूनच घ्यावे, लांब काठीला बाटली बांधून. आम्ल मुलांच्या हातात देऊ नये. पालकांची परवानगी लेखी असावी. हे सगळे सांभाळता येत नसेल त्या शाळेने विहिरींचेच काम करावे, तेही कमी नाही.

पण माझा मुख्य आग्रह पुढे आहे. विज्ञानाच्या मुलांबरोबर कलाशाखेची मुले का नसतात? पाण्यात काय आहे हे विज्ञानाचा विद्यार्थी सांगेल. ते कधीपासून आहे हे कोण सांगणार? मानस कोण उघडत असे, फळ्या कुठल्या महिन्यात काढत, मासळीची पावणी अजून होते का आणि पैसा कुठे जातो, वरचा झरा कधी बुजला, कुठले शेत पड पडले, हे सगळे माणसांच्या तोंडी आहे आणि ती माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत. आमच्या तळ्यावर गुरे घेऊन येणारे एक आजोबा मुलांना म्हणाले, ‘‘आमी ल्हान आसतना ह्या तळ्याचें उदक पियेताले. आतां गोरवांय तोंड लायनात.’’ मुलांनी हे वहीत लिहिले नाही, कारण त्याला एकक नव्हते! मला विचाराल तर त्या दिवसाची सगळ्यांत महत्त्वाची नोंद तीच होती. शिवाय त्या आजोबांनीच दाखवले की मानशीची एक फळी कायमची अडकली आहे, त्यामुळे पाणी वर्षभर तुंबून राहते, तळ कधी सुकत नाही, गाळ उपसला जात नाही. जुन्या व्यवस्थेत तळ उन्हात तापत असे, गाळ शेतात जात असे, तळे दरसाल नवे होत असे. शेती थांबली, मानस गंजली, आणि आम्ही प्राणवायू का कमी झाला म्हणून बाटल्या भरत बसलो. पाण्याचे निदान कधी कधी पाण्याबाहेर असते. ते शोधायला शेतकऱ्याशी कोंकणीत बोलता येणारा आणि मराठीत नीट लिहिता येणारा मुलगाच हवा. तो गोव्यात प्रत्येक वर्गात आहे.

ही वही ठेवायची कुठे, हा शेवटचा प्रश्न. शाळेत ठेवली तर टीचरची बदली झाली की कपाटात जाते. मुले बारावी होऊन निघून जातात. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची आहे आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही एकदा करून, बांधून, कपाटात ठेवली गेली. तिच्यात तळ्याचे एक पान दर महिन्याला का जोडू नये? मुलांनी मोजायचे, टीचरनी तपासायचे, समितीच्या सचिवाने तारखेसह सही करायची. तळ्याचे नाव, जागा, वेळ, हवामान, मानशीची स्थिती, तबकडीची खोली, पीएच, प्राणवायू, काय दिसले, कोण काय म्हणाले. एका पानावर सगळे बसते. २०१७ च्या पाणथळ नियमांखाली तळी अधिसूचित करताना अशा वह्या हाताशी असत्या तर ‘इथे तळे नव्हतेच, ही तर शेतजमीन’ असले युक्तिवाद करणाऱ्यांची थोडी पंचाईत झाली असती. नियंत्रण मंडळ काही तळ्यांचे नमुने नियमित घेते, ते त्याचे काम आहे. मंडळ गावोगावच्या प्रत्येक तळीपर्यंत पहाटे साडेसहाला पोचेल अशी अपेक्षा करणे मात्र अन्यायाचे आहे. तिथे पायी पोचणारा फक्त गावातला मुलगा.

आमच्या हायर सेकंडरीत यंदा वेगळी वही केली आहे. दोनशे पानांची, लाल पुठ्ठ्याची, कचेरीत असते तशी. पहिल्या पानावर रकाने मी आखून दिले. एक रकाना शेवटी मुलांनी स्वतः वाढवला, ‘आजोबा आज काय म्हणाले’. तो छापील तक्त्यात बसणार नाही असे टीचर म्हणाल्या. राहू दे म्हटले. मे महिन्यात पंचायतीकडे मानशीच्या त्या फळीसाठी अर्ज जायचा आहे, सोबत आठ महिन्यांची पाने जोडून. पोच घेतल्याशिवाय परत यायचे नाही, एवढे मुलांना सांगून ठेवले आहे.